डब्यातले पैसे, फोनमधले पैसे

आमच्या चिपळूणच्या घरात पैशाच्या तीन जागा होत्या. पहिली अब्बांच्या लोखंडी कपाटातला खण. त्याची किल्ली अब्बांकडेच असायची. दुसरी बाहेरच्या खोलीतल्या फळीवरची पितळेची डबी. तिच्यात दूधवाला, भाजीवाला, रिक्षा यांच्यासाठी सुट्टे पैसे. आणि तिसरी जागा स्वयंपाकघरातला तांदळाचा डबा. तिच्याबद्दल घरात कुणी बोलत नसे. अम्मी तांदूळ काढायला बसली की तिचा हात कोपरापर्यंत आत जायचा आणि मापाबरोबर कधीकधी रुमालाची एक पुरचुंडी वर यायची. पुरचुंडी दिसली की आपण दुसरीकडे बघायचं, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. तरी आम्ही चौघं भावंडं ते शिकलो होतो.

हा लेख आम्ही चौघांनी मिळून लिहिला आहे. दोघी बहिणी सासरी, थोरली खेडला आणि धाकटी मुंब्र्याला. थोरला भाऊ कतारला नोकरीत, धाकटा चिपळुणातच दुकान चालवतो. फोनवर बोलता बोलता विषय निघाला, की रोख पैसा जाऊन मोबाइलचा पैसा आला, त्यानं आपल्या घरात नेमकं काय बदललं? सोय झाली हे सगळेच सांगतात आणि ते खरंही आहे. पण त्या सोयीच्या भरात आमच्या हातून एक चूक झाली आणि ती कळायला आम्हाला जवळजवळ दोन वर्षं लागली. तशी चूक इतर घरांतही होत असेल, म्हणून हे लिहितो आहोत.

अब्बा सौदीत, दम्मामला होते. कोकणातल्या आपल्या कितीतरी घरांची हीच गोष्ट आहे. पगार झाला की अब्बा तिथल्या बँकेतून ड्राफ्ट काढायचे आणि पत्रात घालून रजिस्टर टपालानं पाठवायचे. पत्र यायला पंधरा-वीस दिवस. मग ड्राफ्ट बँकेत भरायचा, तो वटायला आणखी आठवडा-दोन आठवडे. गावी निघालेल्या कुणाबरोबर पाठवलेले पैसे त्याहून लवकर यायचे, पण तो माणूस मुंबईत उतरून चिपळूणला कधी पोहोचेल याचा नेम नसायचा. मधल्या दिवसांत घर चालायचं ते कोपऱ्यावरच्या दुकानदाराच्या वहीवर आणि अम्मीच्या डब्यावर. थोरलीची शाळेची फी, दादीचं दम्याचं औषध, एका पावसाळ्यात तर कौलांचे पैसेसुद्धा तांदळातून निघाले. अब्बांना याची कल्पना होती की नाही, अल्लाह जाणे. त्यांनी कधी विचारलं नाही.

हे पैसे यायचे कुठून? घरखर्चातून वाचवलेले, ईदला माहेरून मिळालेले, शिवणाचे, मोहल्ल्यातल्या बायकांच्या भिशीचे. आणि जायचे कुठं? ते आम्हाला बरंच उशिरा कळलं. महिन्याच्या पहिल्या जुम्याला मागच्या दारी एक खाला यायच्या. नवरा वारलेला, पदरी दोन मुली. अम्मी त्यांना चहा द्यायची, दोघी पायरीवर बोलत बसायच्या आणि उठताना अम्मीचा हात त्यांच्या हातात जायचा. बस्स. किती दिले, कशाला दिले, याची नोंद कुठंच नाही. खाला मान वर करून यायच्या आणि मान वर करून जायच्या. आम्ही तर त्यांना अम्मीची मैत्रीणच समजत होतो.

मग ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र आली. पंतप्रधान नरेंद्र मोदींनी आठ वाजता टीव्हीवरून जाहीर केलं, की मध्यरात्रीपासून पाचशेच्या आणि हजारच्या नोटा बाद. देशातल्या एकूण नोटांच्या किमतीपैकी सुमारे ८६ टक्के रक्कम या दोन नोटांतच होती. अब्बा तोपर्यंत कायमचे घरी परतले होते. टीव्हीसमोर ते आणि धाकटा बोलत असताना अम्मी उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा तिच्या हातात रुमाल होता. तो तिनं अब्बांच्या पुढ्यात ठेवला आणि बाजूला उभी राहिली. हजारच्या १९ नोटा आणि पाचशेच्या ५१. एकूण ४४,५०० रुपये.

आम्ही हसलो. धाकटा तिथंच हसला, बाकीचे तिघं दुसऱ्या दिवशी फोनवर. "अम्मी, तू तर छुपी शेठाणी निघालीस!" अम्मी हसली नाही. चोरी सापडल्यासारखी ती उभी होती, असं धाकट्यानं नंतर सांगितलं. अब्बांनी नोटा दोनदा मोजल्या आणि एवढंच म्हणाले, "उद्या बँकेत टाकू."

त्या महिन्यात असे रुमाल किती घरांत उघडले असतील! मोहल्ल्यात कुणाच्या गोधडीतून, कुणाच्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीतून, कुणाच्या जुन्या पेटीतल्या निकाहाच्या ओढणीतून नोटा निघाल्या. बँकेपुढं फजरनंतर रांगा लागत. नोट बदलून घेणाऱ्यांच्या बोटाला शाई लावायलाही सुरुवात झाली. गृहिणींच्या अडीच लाखांपर्यंतच्या बचतीची चौकशी होणार नाही, असं सरकारनं सांगितलं होतं. सरकारनं खरंच आमच्या अम्मीला काही विचारलं नाही. विचारलं ते आम्ही. कधीपासून साठवतेस? कुणासाठी? आम्हाला का नाही सांगितलंस?

अम्मीचं स्वतःचं खातं नव्हतं. खात्यावर व्याज येतं, सूद कशाला घरात, म्हणून तिनं ते कधी काढलं नव्हतं. त्यामुळं तिचे ४४,५०० रुपये अब्बांच्या खात्यात गेले. त्या वेळी त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

२०१९ साली अब्बा अल्लाहला प्यारे झाले. खात्यावर नॉमिनीचं नाव लावायचं राहून गेलं होतं. मृत्यूचा दाखला, वारसांची प्रतिज्ञापत्रं, जामीनदार, सगळ्यांच्या सह्या आणि थोरल्याची कतारहून येणारी कागदपत्रं, यात महिने गेले. आणि रक्कम हातात आली तेव्हा एक वेगळाच प्रश्न उभा राहिला. अब्बांचा तरका म्हणून ती वारसांत वाटायची, तर अम्मीला तिचा आठवा हिस्सा. पण त्यातले ४४,५०० तर तिचेच होते! आपल्या शरीअतमध्ये बाईची कमाई, तिचा मेहर, तिची बचत ही तिचीच असते, नवऱ्याचा त्यावर हक्क नाही, हे आपण किती अभिमानानं सांगतो. बँकेच्या पासबुकात मात्र तसा रकाना नाही. ज्याचं नाव, त्याचे पैसे. आम्ही चौघांनी बसून ती रक्कम आधी बाजूला काढली आणि मग वाटणी केली. आमच्यात वाद झाला नाही, अलहमदुलिल्लाह. ज्या घरात झाला असता तिथं त्या बाईनं पुरावा काय दिला असता? तांदळाचा डबा?

याच सुमारास मोबाइलचे पैसे आमच्या घरात आले. युपीआय नावाची ही व्यवस्था नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशननं २०१६ मध्येच सुरू केली होती. एका बँकेच्या खात्यातून दुसऱ्या कुठल्याही बँकेच्या खात्यात, फोन नंबर किंवा तो चौकोनी कोड वापरून, पिन टाकून, त्याच क्षणी पैसे जातात आणि साध्या माणसाला त्याचं शुल्क पडत नाही. आमच्याकडं तिचा खरा शिरकाव झाला तो २०२० च्या लॉकडाऊनमध्ये. नोटेला हात लावायची भीती वाटायची ते दिवस होते. आज मच्छीवालीच्या टोपलीला कोड लटकलेला असतो, रिक्षावाल्याच्या काचेवर असतो, मशिदीच्या चंद्याच्या पेटीवरही आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये देशभरात एका महिन्यात युपीआयचे व्यवहार पहिल्यांदा एक हजार कोटींच्या वर गेले.

आम्ही या बदलाच्या विरोधात नाही, हे आधीच सांगतो. थोरल्यानं दोह्यात पैसे पाठवले की बरेचदा संध्याकाळच्या आत चिपळूणच्या खात्यात जमा होतात. अम्मीला ड्राफ्टचे दिवस आठवतात आणि ती आजही चकित होते. धाकट्याच्या दुकानात सुट्ट्यांवरून होणारी हुज्जत संपली. पूर्वी रुपयाच्या बदल्यात गोळी हातात ठेवावी लागायची. उधारीचाही हिशेब चोख राहू लागला. कोणी म्हणालं, "मी दिले होते," तर तारीख-वेळेसकट दिसतं. सूरह बकरातल्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवायची ताकीद आहे. कुरआनातली ती सगळ्यात मोठी आयत. तोंडी विश्वासावर उधार देऊन मग भावाभावांत अबोला झालेली घरं आपण पाहिली आहेत. त्या बाबतीत फोन आपल्याला चांगली सवय लावतो आहे. जकातीचा हिशेबही सोपा झाला. वर्षभरात काय आलं, काय राहिलं, ते एका जागी दिसतं.

आमची चूक यापुढची आहे.

२२ जुलै २०२१. चिपळूणकर ही तारीख विसरणार नाहीत. वाशिष्ठीचं पाणी पहाटे मोहल्ल्यात शिरलं आणि बघता बघता पहिल्या मजल्याला टेकलं. आम्ही अम्मीला घेऊन गच्चीवर गेलो. खाली सगळं बुडालं, तांदळाचा डबाही. पाणी ओसरल्यावर धाकट्यानं चिखलातून तो शोधून काढला. आंबलेल्या तांदळात रुमाल आणि रुमालात बारा हजारांच्या भिजून चिकटलेल्या नोटा. भाभीनं त्या एकेक करून सोडवल्या, तव्यावर मंद आचेवर वाळवल्या. बऱ्याच चालल्या, काही बँकेतून बदलून घ्याव्या लागल्या.

त्याच दिवसांत उलटाही अनुभव आला. वीज नव्हती, टॉवर बंद, फोन मेलेले. धाकट्याच्या खात्यात पैसे होते, पण पाण्याची बाटली घ्यायची तर त्यांचा उपयोग शून्य. मदतीच्या गाड्या बाहेरगावाहून यायला लागेपर्यंत ज्याच्या खिशात ओल्या का होईनात पण नोटा होत्या, त्याचं भागलं. अम्मीच्या त्या तव्यावर वाळवलेल्या नोटांनी आमच्या घरात आणि शेजारच्या दोन घरांत दूध आणि मेणबत्त्या आणल्या.

यातून आम्ही धडा घेतला, तो मात्र अर्धाच. "अम्मी, आता डब्यात पैसे ठेवायचे नाहीत. एकदा नोटाबंदी, एकदा पूर. आणखी काय व्हायचं बाकी आहे?" अब्बांच्या माघारी अम्मीचं खातं काढलेलंच होतं. त्यात सगळं भरलं. खात्याला धाकट्याचा मोबाइल नंबर जोडलेला होता, कारण अम्मीकडं फोन नव्हता. लागेल तेव्हा तिनं सांगायचं आणि धाकट्यानं पाठवायचे. आम्हा चौघांनाही वाटलं, चांगली व्यवस्था झाली.

पहिल्या महिन्यात अम्मी धाकट्याला म्हणाली, "त्या खालांच्या मुलीच्या नंबरावर पाचशे टाक." त्यानं टाकले. वर म्हणाला, "दर महिन्याला मीच टाकत जाईन की. तू फक्त आठवण कर." पुढच्या महिन्यात अम्मीनं आणखी एका घराचं नाव सांगितलं, तेव्हा त्यानं सहज विचारलं, "हे कोण, अम्मी?" फोनवर संदेश आला तो भाभीनंही वाचला. आणि एक दिवस बाजारात ती खालांची मुलगी दिसली, तेव्हा धाकट्यानं दुकानातूनच हाक मारून विचारलं, "काय गं, पैसे मिळाले ना?" त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. गेले की नाही याची खात्री करायची होती, एवढंच. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती.

त्यानंतर खाला आल्या नाहीत. अम्मीनंही नंतर कुणाचं नाव सांगितलं नाही. आम्हाला वाटलं, वय झालं, अम्मीचं लक्ष आता यातून उडालं. खात्यात पैसे साठत होते ते बघून आम्ही खूशच होतो.

२०२३ च्या रमजानात थोरली चिपळूणला आली आणि त्या खालांच्या घरी इफ्तारी घेऊन गेली. परत निघताना म्हणाली, "खाला, तुम्ही आताशा येत नाही." खालांनी बरणीचं झाकण लावता लावता सांगितलं, "बेटी, तुझी अम्मी देत होती तेव्हा तिला आणि मला ठाऊक होतं. आता आमचं नाव फोनमध्ये लागलं ना."

त्या रात्री थोरलीनं आम्हा सगळ्यांना फोन केला. सूरह बकरातच २७१ वी आयतही आहे. सदका उघडपणे दिला तरी चांगलाच, पण गरिबाला गुपचूप देणं अधिक चांगलं, असा तिचा मतलब आहे. आम्ही चौघंही मदरशात ती वाचलेली. एकाच सूरहमध्ये थोड्या अंतरावर दोन गोष्टी सांगितल्या आहेत. उधार द्याल ते लिहून ठेवा आणि दान द्याल ते झाकून द्या. फोननं पहिली गोष्ट आमच्याकडून करून घेतली आणि दुसरी आम्ही त्याच्या नादात विसरलो. दोष फोनचा नव्हता. अम्मीचे पैसे आम्ही मुलाच्या फोनमध्ये ठेवले, तिथं तो होता. चाळीस वर्षं कुणालाही न विचारता देणाऱ्या बाईला आम्ही, तिच्याच पैशासाठी, रोज मागायला लावलं होतं.

थोरल्याबरोबर दोह्यात केनियाचा एक सहकारी आहे, मोम्बासाकडचा. ही सगळी हकीकत ऐकून त्यानं विचारलं, "तुझ्या आईला स्वतःचा फोन नाही?" त्याची आई गावाकडं असते. तिच्याकडं बटणांचा साधा फोन आहे आणि पैसे थेट त्यावर जातात. तिथं २००७ साली सफारीकॉम या मोबाइल कंपनीनं एम-पेसा नावाची सेवा सुरू केली. स्वाहिली भाषेत 'पेसा' म्हणजे पैसा आणि हा शब्द आपल्याच 'पैसा'वरून गेल्याचं मानतात. बँकेत खातं नसलं तरी चालतं. कोपऱ्यावरच्या दुकानात एजंट बसतो, त्याच्याकडं नोटा द्यायच्या, तेवढी रक्कम आपल्या फोनमध्ये येते. शहरात राबणारा मुलगा गावातल्या आईला संदेशासारखे पैसे पाठवतो, आई तिच्या गावातल्या एजंटकडून नोटा घेते. पूर्वी हेच पैसे बसच्या ड्रायव्हरबरोबर नाहीतर ओळखीच्या माणसाच्या हाती पाठवावे लागत. म्हणजे आपल्या ड्राफ्टच्या दिवसांचीच गोष्ट.

तवनीत सूरी आणि विल्यम जॅक या दोन अर्थतज्ज्ञांनी त्याचा बरीच वर्षं अभ्यास केला आणि २०१६ मध्ये तो 'सायन्स' या नियतकालिकात आला. एम-पेसामुळं केनियातली सुमारे दोन टक्के कुटुंबं, म्हणजे १ लाख ९४ हजार घरं, अतिगरिबीतून वर आली, असा त्यांचा निष्कर्ष होता. बाई कर्ती असलेल्या घरांना हा फायदा जास्त झाला आणि सुमारे १ लाख ८५ हजार स्त्रिया शेतीच्या कामातून लहानमोठ्या धंद्याकडं वळल्या. आम्हाला यातून दोन गोष्टी समजल्या. एक म्हणजे तिथं पैसे ज्या फोनवर यायचे, तो त्या बाईच्या हातात होता. दुसरी म्हणजे त्या पैशाच्या नोटा करून देणारा माणूस घराजवळच होता. आमच्या अम्मीच्या बाबतीत आम्ही पहिली गोष्ट केली नव्हती आणि दुसरी शोधली नव्हती.

ईद झाली आणि आम्ही कामाला लागलो. अम्मीच्या नावानं सिमकार्ड घेतलं. बँकेत अर्ज देऊन खात्याला तिचा नंबर जोडला. त्यासाठी तिला स्वतः जावं लागलं आणि सही करावी लागली. ती तिनं उर्दूत, ठळक केली. व्याजाचा प्रश्न तिनं आधी आलिमांना विचारला. येईल ती व्याजाची रक्कम सवाबची नियत न ठेवता गरजूला देऊन टाकायची, असं तिला सांगण्यात आलं. वाचकांनीही आपापल्या आलिमांना विचारावं. मोहल्ल्याच्या तोंडाशी एका किराणा दुकानात बँक मित्र बसतो. आधार नंबर आणि अंगठा दिला की तिथं खात्यातून नोटा मिळतात. अम्मीला ही सोय सगळ्यात आवडली. पावती आल्याशिवाय आणि रक्कम वाचून घेतल्याशिवाय दुसऱ्यांदा अंगठा ठेवायचा नाही, हे मात्र आम्ही तिला पुन्हा पुन्हा सांगितलं.

फोनवरून पैसे द्यायला ती मुंब्र्याच्या नातीकडून शिकली, उन्हाळ्याच्या सुट्टीत. अक्षरं मराठीत, तिला वाचता येतं उर्दू. पण आकडे येतात आणि रंग ओळखते. पिन तिनं स्वतः ठरवला. नात म्हणाली, "दादी, मलासुद्धा सांगायचा नाही." आमच्या मुलांनी तिला 'नानी' आणि 'दादी' दोन्ही करून टाकलं आहे, ते असो. पहिल्यांदा तिनं मच्छीवालीला बांगड्यांचे दोनशे रुपये दिले. टोपलीशेजारचा डबा मोठ्यानं ओरडला, दोनशे रुपये मिळाले म्हणून. अम्मी दचकली. "आख्ख्या बाजाराला कशाला सांगतोय मेला?" मोहल्ल्यात मशिदीच्या पेटीलाही असाच बोलणारा डबा बसवावा, अशी सूचना एकानं मांडली होती. जमातीच्या वडीलधाऱ्यांनी कोड ठेवला, डब्याला नको म्हटलं. आम्हाला ते पटलं.

फसवणुकीची भीती खरी आहे, ती लपवून चालणार नाही. आमच्या एका चुलतभावानं जुना सोफा विकायला काढला. समोरच्यानं फोन करून सांगितलं, "पैसे पाठवलेत, घ्यायला पिन टाका." त्यानं टाकला आणि अठरा हजार गेले. म्हणून अम्मीला एकच वाक्य पाठ करून घेतलं. पैसे द्यायला पिन लागतो, घ्यायला कधीच लागत नाही. काही महिन्यांनी तिला तसाच फोन आला. बक्षीस लागलंय म्हणे. अम्मी म्हणाली, "बेटा, तूच ठेव ते. तुझ्या आईला दे." आणि फोन बंद केला. तरीही कुणी फसलंच तर लाजून गप्प बसू नये, लगेच १९३० या सरकारी नंबरावर फोन करावा. जितका उशीर, तितके पैसे पुढं सरकत जातात.

२०२४ मध्ये राज्य सरकारची लाडकी बहीण योजना आली, महिना दीड हजार, थेट बाईच्या खात्यात. मोहल्ल्यातल्या कितीतरी बायकांनी त्यासाठी पहिल्यांदा बँकेचं तोंड पाहिलं. भाभीनं अर्ज भरायला शेजारणींना मदत केली, तेव्हा तिच्या लक्षात आलं, की खातं बाईचं, पण जोडलेला नंबर बहुतेकींचा नवऱ्याचा किंवा मुलाचा. पैसे आल्याचा संदेशही त्यालाच जाणार आणि काढायचा ओटीपीही त्यालाच येणार. आम्ही केली होती तीच चूक. कुणाची नियत वाईट होती असं नाही. घरात एकच फोन, म्हणून तोच नंबर. पण नंबर बदलायला एक अर्ज आणि अर्ध्या दिवसाची रांग, एवढंच लागतं. भाभीनं स्वतःचा नंबर बदलून घेतला आणि मग पाच जणींना घेऊन बँकेत गेली.

आता आमच्या घराची रीत अशी आहे. प्रत्येक मोठ्या माणसाचं, बायकांचंही, आपलं खातं, आपला नंबर, आपला पिन. खात्यावर नॉमिनीचं नाव लावलेलं आहे की नाही, ते दर रमजानात जकातीच्या हिशेबाबरोबर तपासायचं. घरात पंधरा दिवस पुरेल इतकी रोकड ठेवायची, प्लॅस्टिकच्या पिशवीत, वरच्या मजल्यावर. पुराचा तो धडा आता आम्ही पूर्ण घेतला आहे. आणि कुणाच्या खात्यातून कुणाला किती गेले, हे चुकून दिसलं तरी विचारायचं नाही. शेवटचा नियम सर्वांत अवघड आहे. फोनमध्ये सगळं दिसतं, म्हणून सगळं बघायची सवय लागते.

खालांकडं धाकटा स्वतः गेला. काय बोलला ते त्यानं आम्हाला सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. पुढच्या महिन्याच्या पहिल्या जुम्याला मागचं दार वाजलं, एवढं भाभीनं कळवलं.

तांदळाचा डबा पुरानंतर नवा घेतला, स्टीलचा. मागच्या ईदला आम्ही सगळे चिपळूणला होतो. शीरखुर्मा झाला, मुलांना कोऱ्या नोटांची ईदी मिळाली, कारण ईदी फोनवर घ्यायला त्यांनी साफ नकार दिला. दुपारच्या जेवणासाठी अम्मी तांदूळ काढायला बसली. हात कोपरापर्यंत आत गेला, जरा रेंगाळला.

आम्ही चौघांनीही दुसरीकडं पाहिलं.